प्रोग्रेसिव्ह रीलोडिंग प्रेस कशी निवडावी: वेगाचा आकडा शेवटी बघा

झाडून रिकाम्या झालेल्या पुंगळीत नवा प्रायमर (बुडाशी बसणारी, आघाताने पेटणारी टोपी), पावडर आणि बुलेट भरून काडतूस पुन्हा बनवणं म्हणजे रीलोडिंग. ही सगळी कामं एकाच वेळी करणारी प्रोग्रेसिव्ह प्रेस घ्यायचं मनात आलं की बहुतेक जण आधी एकच आकडा शोधतात: तासाला किती काडतुसं निघतात? कंपन्याही तोच ठळक छापतात. आकडा खोटा नसतो. पण प्रायमरच्या नळ्या आधीच भरलेल्या आहेत, पुंगळ्या धुऊन निवडून ठेवलेल्या आहेत आणि मध्ये काहीही अडकलेलं नाही, असं धरून तो काढलेला असतो. घरी यातलं काहीच आयतं मिळत नाही. त्यामुळे वेग मी यादीत अगदी खाली ठेवतो. सगळ्यात वर ठेवतो तो एक प्रश्न: बुलेट बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीच्या आत पावडर पडली आहे का आणि किती, हे मला या प्रेसवर बसल्या जागेवरून सहज दिसतं का? निवडीचे बाकीचे सगळे मुद्दे या प्रश्नाभोवतीच फिरतात.

त्याआधी कायद्याचं बघून घ्या. घरी काडतुसं रीलोड करायला कुठे छंद म्हणून मोकळीक आहे, कुठे वेगळा परवाना लागतो, कुठे साफ बंदी आहे. पावडर आणि प्रायमर घरात किती साठवता येतात यावरही मर्यादा असतात. प्रेस हे नुसतं यंत्र आहे, ते कुठूनही मागवता येईल. अडतं ते पावडर आणि प्रायमरपाशी. आपल्या ठिकाणचा नियम लेखी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पायरी १: तुम्हाला प्रोग्रेसिव्ह लागते का?

सिंगल स्टेज प्रेसमध्ये एका वेळी एकच डाय (पुंगळीवर एकेक काम करणारा साचा) आणि एकच पुंगळी. पन्नास पुंगळ्यांचं रीसाइझिंग, म्हणजे त्या मूळ मापावर आणणं, उरकायचं, मग डाय बदलून पुढचं काम. टरेट प्रेसमध्ये डाय गोल फिरतात, पुंगळी जागेवरच असते. प्रोग्रेसिव्हमध्ये उलट: डाय वर टूलहेडमध्ये स्थिर आणि खाली पुंगळ्या धरणारी चकती, म्हणजे शेलप्लेट, फिरते. प्रत्येक स्टेशनवर एकेक पुंगळी असते आणि प्रत्येकीवर वेगळं काम एकाच वेळी होतं. सगळी स्टेशनं भरली की हँडलच्या दर ओढीला एक तयार काडतूस बाहेर पडतं.

वेग त्यातून येतो आणि जोखीमही त्यातूनच. चार-पाच पुंगळ्या चार-पाच अवस्थांत असताना एक अडकली की सगळ्याच थांबतात, आणि कोणती कुठे होती हे तुम्हालाच लक्षात ठेवावं लागतं.

महिन्याला शंभरेक काडतुसं उडवणाऱ्याला प्रोग्रेसिव्ह घेण्यात फारसा अर्थ नाही. चांगली टरेट प्रेस त्याचं काम एखाद-दोन निवांत संध्याकाळीत उरकते. एकाच पिस्तुली कॅलिबरची महिन्याला तीन-चारशे लागत असतील तर प्रोग्रेसिव्ह शोभते. हजाराच्या वर गेलात तर तिच्याशिवाय गत्यंतर नाही. लांब पल्ल्याच्या रायफलची मोजकीच, पण प्रत्येक पावडर तोलून भरलेली काडतुसं हवी असतील तर सिंगल स्टेजच घ्या आणि उरलेले पैसे चांगल्या तराजूवर घाला.

आजवर एकही काडतूस रीलोड केलं नसेल तर पहिलीच प्रेस प्रोग्रेसिव्ह घ्यावी का, यावर नेमबाजांत कायम वाद होतो. माझं मत: घेता येते, पण पहिली काही शेकडा काडतुसं तिच्यावर एका वेळी एकच पुंगळी चालवून करायची तयारी असेल तरच.

पायरी २: स्टेशनं कागदावर मांडा

कॅटलॉगमध्ये 'पाच स्टेशन' असं वाचून भागत नाही. आपल्या कॅलिबरला कोणती कामं लागतात ती लिहा आणि प्रत्येकासमोर स्टेशनचा क्रमांक टाका.

साध्या पिस्तुली काडतुसाला लागतं ते असं: जुना प्रायमर काढून पुंगळी रीसाइझ करणं, नवा प्रायमर बसवणं, पुंगळीचं तोंड किंचित फुलवणं, पावडर टाकणं, पावडरची उंची तपासणं, बुलेट बसवणं आणि शेवटी तोंड पुन्हा आवळणं, म्हणजे क्रिम्प. डिलनच्या प्रेसवर पावडरचं नरसाळंच तोंड फुलवतं, म्हणजे दोन कामं एका स्टेशनवर होतात. त्यामुळे डिलन आरएल ५५० च्या चार स्टेशनांत रीसाइझ, पावडर, बुलेट आणि क्रिम्प नेमके बसतात. पावडर तपासायच्या डायसाठी मात्र जागा उरत नाही, तिथे तुमचे डोळेच तपासनीस. त्याच कंपनीच्या एक्सएल ७५० मध्ये पाच स्टेशनं आहेत, म्हणून तिसऱ्यावर पावडर-चेक बसतो. हॉर्नडीच्या लॉक-एन-लोड एपीमध्येही पाचच. पण तिथे तोंड फुलवायला वेगळी डाय लावली तर ते पाचवं स्टेशन तिच्यातच खर्ची पडतं. पावडरसोबतच तोंड फुलवणारा एक्सपांडर घेतला तर पावडर-चेकला जागा मोकळी होते.

ली कंपनीच्या प्रो १००० मध्ये तीन स्टेशनं असतात. बुलेट बसवणं आणि क्रिम्प ही कामं एकाच डायवर होतात. ते चालतं, पण त्या डायची सेटिंग जुळवणं जरा किचकट. त्याच कंपनीच्या सिक्स पॅक प्रोमध्ये सहा, डिलन आरएल ११०० मध्ये आठ आणि फ्रँकफर्ड आर्सेनलच्या एक्स-१० मध्ये दहा स्टेशनं आहेत. जास्त स्टेशनं म्हणजे जास्त सोय, हे खरं. पण तितक्याच जास्त गोष्टी एका ओढीत घडतात, हेही खरं.

रायफलच्या निमुळत्या मानेच्या पुंगळ्यांचं गणित निराळं आहे. पिस्तुलाच्या सरळ पुंगळीला कार्बाइड डाय असली की तेल लागत नाही. रायफलच्या पुंगळीला वंगण लावावंच लागतं, नाहीतर ती डायमध्ये रुतून बसते. रीसाइझ झाल्यावर ती लांबते, मग छाटावी लागते आणि वंगण पुसावं लागतं. थोडक्यात, काम दोन फेऱ्यांत होतं: पहिल्या टूलहेडवर तयारी, मध्ये छाटणी आणि सफाई, दुसऱ्या टूलहेडवर भरणी. त्यामुळे रायफलसाठी प्रोग्रेसिव्हचा फायदा पिस्तुलाइतका मोठा नसतो.

पायरी ३: शेलप्लेट कोण फिरवणार?

आरएल ५५० वर शेलप्लेट अंगठ्याने फिरवायची असते. एक्सएल ७५०, लॉक-एन-लोड एपी, सिक्स पॅक प्रो या प्रेस हँडलसोबत ती आपोआप फिरवतात. सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो.

हाताने फिरवायच्या प्रेसवर धोका सरळ आहे: फिरवायला विसरलात आणि हँडल पुन्हा ओढलं तर त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा पावडर. दुहेरी चार्ज म्हणजे फुटलेलं पिस्तूल आणि हाताला, डोळ्याला इजा. उलट फायदाही मोठा आहे. काही बिघडलं की सगळं तुमच्या ताब्यात असतं, हवं तितका वेळ थांबा, एकेक पुंगळी बाहेर काढा. आपोआप फिरणाऱ्या प्रेसवर विसरण्याचा प्रश्न उरत नाही, पण अडकलेलं सोडवताना हँडल अर्धवट वर-खाली होतं आणि तिथे घोटाळा होतो: एखादी पुंगळी पावडरविना पुढे जाते किंवा पावडरच्या स्टेशनवर दोनदा थांबते.

पावडर अजिबात न पडलेलं काडतूस, म्हणजे स्क्विब, वरवर निरुपद्रवी वाटतं. नुसत्या प्रायमरच्या जोरावर बुलेट बॅरलमध्ये निम्म्यात अडकते. आवाज दबका येतो. नेमबाजाच्या ते लक्षात आलं नाही आणि त्याने पुढची गोळी झाडली, तर बॅरल फुगते किंवा फुटते. अपुरी पावडर म्हणूनच जास्तीच्या पावडरइतकीच धोक्याची.

आपोआप फिरणाऱ्या प्रेसमध्ये आणखी एक बारकावा. प्लेट पुढच्या जागी 'टक्' करून बसते तेव्हा ९ मिमीसारख्या आखूड, वरपर्यंत भरलेल्या पुंगळीतून पावडरचे कण उडतात. शेलप्लेटवर राखाडी भुकटी दिसायला लागली की समजावं. हॉर्नडीची प्लेट अर्धी हँडल खाली जाताना आणि अर्धी वर येताना फिरते, म्हणून तिचा झटका सौम्य असतो. इतर प्रेसवर हँडलचा वेग आवरला तरी बराच फरक पडतो. प्रत्यक्ष चालवून बघायची संधी मिळाली तर पुंगळीत पावडर भरून हाच झटका तपासा, बाकी प्रात्यक्षिकाला फार महत्त्व देऊ नका.

पायरी ४: प्रायमर कसा बसतो ते हाताने बघा

प्रोग्रेसिव्ह प्रेस सगळ्यात जास्त अडते ती प्रायमरपाशी. ५५०, ७५० आणि हॉर्नडी एपीवर हँडल पुढे ढकलताना प्रायमर बसतो. बसताना हाताला जे जाणवतं त्याची सवय काही दिवसांत होते आणि मग एखादा तिरका गेला की हात आपोआप थांबतो. आरएल ११०० वर हँडल खाली ओढताना प्रायमर बसतो आणि खोली स्क्रूने ठरवलेली असते. एकसारखेपणा चांगला, पण हाताला मिळणारी खबर कमी.

प्रायमर पुंगळीच्या बुडापासून किंचित आत असायला हवा. तयार काडतूस सपाट काचेवर उभं करा. ते डुगडुगलं तर प्रायमर बाहेर राहिला आहे, ते काडतूस बाजूला काढा.

प्रायमरची नळी साधारणपणे शंभराची असते. शंभर प्रायमर एकावर एक उभे, प्रत्येकात आघाताने पेटणारं मिश्रण. एक पेटला तर बाकीचेही पेटू शकतात. म्हणून नळीभोवती जाड धातूचं आवरण आहे का ते आवर्जून बघा आणि अडकलेला प्रायमर कधीही जोर लावून दाबू नका. डोळ्यांवर संरक्षक चष्मा प्रेसपाशी बसल्यापासून उठेपर्यंत राहू द्या. नेहमीच्या प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं, तेव्हा त्या टेबलावर खाणंपिणं नाही आणि उठल्यावर हात साबणाने धुवायचे.

वापरलेल्या पुंगळ्या वेचून आणत असाल तर प्रेसचा कस तिथेच लागतो. .४५ एसीपीच्या पुंगळ्या बाजारात दोन तऱ्हेच्या आहेत, काहींना मोठा प्रायमर लागतो, काहींना छोटा. ढिगात दिसायला सारख्याच. मोठ्या प्रायमरसाठी लावलेल्या प्रेसवर छोट्या छिद्राची पुंगळी आली की हँडल मध्येच कच्चकन थांबतं. तिथे रेटलंत तर प्रायमर चेपला जातो, क्वचित पेटतोही. लष्करी पुंगळ्यांत प्रायमरभोवती धातू दाबून पक्का केलेला असतो. तो आधी काढल्याशिवाय नवा प्रायमर नीट बसत नाही. अशाच पुंगळ्या जास्त येत असतील तर ते काम प्रेसवरच करणारं आरएल ११०० सारखं यंत्र परवडेल. नाहीतर हाताने चालणारं वेगळं साधन पुरतं. बुडाच्या आत मधोमध एकच भोक असलेल्या बॉक्सर पद्धतीच्या पुंगळ्याच घ्या. दोन बारीक भोकं असलेल्या बर्डान पुंगळीत प्रायमर काढायची पिन मोडते.

पायरी ५: पावडर मोजणी आणि तिच्यावर पहारा

प्रेसवरचं पावडर-मेजर वजनाने नव्हे, आकारमानाने मोजतं. त्यामुळे बारीक गोल दाण्यांची पावडर एकसारखी पडते, तर लांबट काडीसारखे दाणे कापले जातात, नरसाळ्यात अडकतात, विशेषतः .२२३ सारख्या अरुंद मानेत. तुमची आवडती पावडर काडीसारखी असेल तर प्रेस कितीही भारी असली तरी चार्ज कमी-जास्त पडणारच.

पावडर निवडताना एक जुनी युक्ती अजूनही सर्वोत्तम आहे. प्रमाणित रीलोडिंग मॅन्युअलमध्ये दिलेल्यांपैकी अशी पावडर घ्या जी पुंगळीचा निम्म्याहून जास्त भाग व्यापते. दुहेरी पडली तर ती बाहेर सांडेल आणि लगेच दिसेल. .३८ स्पेशलसारख्या खोल पुंगळीत दाट पावडरचा दुहेरी चार्ज गुपचूप मावतो. प्रेसवर पावडर-चेक नसेल तर ही निवड आणखी महत्त्वाची.

पावडर-चेकचे तीन प्रकार दिसतात. हॉर्नडीचा पावडर कॉप म्हणजे वर येणारी कांडी, ती तुम्ही बघायची. डिलनचा चेक चूक झाली की आवाज करतो. आरसीबीएसची लॉकआउट डाय प्रेसच थांबवते. माझी पसंती थांबवणाऱ्याला, कारण कंटाळलेला माणूस कांडीकडे बघायचं विसरतो. एवढं मात्र ध्यानात ठेवा की यातला कोणताही प्रकार ठळक चूक पकडतो, एखाद्या दशांश ग्रेनचा फरक नाही. ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम. तो फरक तराजूच सांगेल.

आणि पुंगळीच्या आत उजेड हवा. टूलहेडखाली लहान एलईडी पट्टी लावता येते का, बुलेट ठेवायचं स्टेशन तुमच्या नजरेसमोर येतं का, तोंड खाली घालून वाकावं लागतं का, हे दुकानात किंवा मित्राकडे स्टुलावर बसूनच बघा.

पायरी ६: हातांची हालचाल

५५० वर उजवा हात हँडल सोडून नवी पुंगळी ठेवतो, डावा प्लेट फिरवतो आणि बुलेट ठेवतो. ७५० वर पुंगळ्या वरच्या नळीतून येतात, म्हणून उजवा हात हँडलवरच राहतो. लय लागते, पण त्या लयीतच माणूस गाफील होतो. पुंगळ्या आपोआप सोडणारा विजेवरचा केसफीडर सुरुवातीला घेऊ नका. पुंगळ्यांची निवड नीट होत नसेल तर तो ९ मिमीच्या ढिगातली .३८० ची पुंगळीही तितक्याच तत्परतेने पुढे पाठवतो.

डावखुऱ्यांनी तर हे सगळं आरशात बघितल्यासारखं करून पाहायला हवं. बहुतेक प्रेस उजव्या हाताच्या माणसासाठी घडवलेल्या असतात.

पायरी ७: कॅलिबर बदलण्याचा खर्च

प्रेसची किंमत ही सुरुवात असते. प्रत्येक नव्या कॅलिबरला डाय, शेलप्लेट, पावडरचं नरसाळं, काही प्रेसवर पुंगळ्यांच्या नळीचे भाग लागतात. छोट्यातून मोठ्या प्रायमरकडे जायचं तर प्रायमरचे भागही बदलावे लागतात, आणि सगळ्यात वेळखाऊ काम तेच असतं. म्हणून दोन कॅलिबरची निवड करताना दोन्हींना एकाच मापाचा प्रायमर लागतो का ते बघा. अर्धी डोकेदुखी तिथेच संपते. ज्यांना पाच-सहा कॅलिबरची थोडी थोडी काडतुसं लागतात, त्यांना ५५० सारखी साधी प्रेस ७५० किंवा ११०० पेक्षा सोयीची पडते, मग कॅटलॉग काहीही म्हणो.

डायचा आटा ७/८-१४ या नेहमीच्या मापाचा आहे का, हेही विचारा. डिलनच्या स्क्वेअर डील बी या प्रेसला तिच्या स्वतःच्याच डाय लागतात आणि ती फक्त पिस्तुली काडतुसांसाठी आहे. जुनी स्वस्तात मिळते म्हणून घेतली की घरातल्या डाय तिला बसत नाहीत.

जुनी प्रेस बघताना रॅम (शेलप्लेट वर-खाली नेणारा दांडा) वर घेऊन शेलप्लेट हलवून पाहा. प्लेटला थोडी ढील चालते, रॅम बाजूंना डुगडुगला तर नको. प्रायमरची पट्टी सरकवा, ती अडखळू नये. जुन्या एक्सएल ६५० मध्ये प्रायमर फिरत्या चकतीवरून येतात आणि न वापरलेला प्रायमर पुढे जाऊन बाहेर पडतो, तर ७५० मध्ये सरकती पट्टी आहे. दोन्ही चालतात, पण ६५० घेणार असाल तर तिचे सुटे भाग मिळतील याची खात्री आधी करून घ्या. वॉरंटीही वाचा: डिलन ५५० आणि ७५० ला आयुष्यभराची वॉरंटी देते, ११०० च्या वर्गातल्या यंत्राला तशी देत नाही.

पायरी ८: टेबल आणि पहिली जुळणी

प्रेस बोल्टने घट्ट आवळा, टेबल भिंतीला पक्कं करा. टेबल हललं की पावडर-मेजरही हलतं आणि चार्ज बदलतो. टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा, तोही मूळ डबाच. मोबाईल दुसऱ्या खोलीत.

सुरुवातीला प्रायमर आणि पावडर न घालता एक पुंगळी सगळ्या स्टेशनांतून काढा आणि प्रत्येक डाय जुळवा. तयार झालेलं पोकळ काडतूस मोजा. ९ मिमी ल्यूगरची कमाल एकूण लांबी १.१६९ इंच, म्हणजे २९.६९ मिमी. आपल्या बुलेटसाठी मॅन्युअलने जी लांबी दिली असेल तीच धरा. काडतूस केस गेजमध्ये (माप तपासायच्या साच्यात) अलगद पडून अलगद निघालं पाहिजे. मग पावडरचे दहा चार्ज टाकून प्रत्येक तोला. ते स्थिरावल्याशिवाय पुढे नाही. चार्ज मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या आकड्यापासून, कमाल आकड्यापासून कधीही नाही. त्यानंतर प्रायमर आणि पावडरसह एका वेळी एकच पुंगळी, दहा-वीस काडतुसं. ती ठीक निघाली की सगळी स्टेशनं भरा.

शंभर प्रायमरची नळी संपते तो थांबा वाया घालवू नका. तेव्हा एक चार्ज तोला, पावडरच्या डब्याची पातळी बघा, तयार काडतुसांतलं एखादं मोजा. पातळी प्रायमरच्या हिशेबात उतरली नसेल तर कुठेतरी पुंगळ्या रिकाम्या गेल्या आहेत. ती शंभरची शंभर बाजूला काढून तोलून बघा, आणि वजनावरून नक्की सांगता येत नसेल तर बुलेट काढून मोकळी करा. बुलेट-पुलर म्हणूनच पहिल्या ऑर्डरमध्ये असू द्या. केसफीडर, बुलेटफीडर आणि दुसरं टूलहेड पुढच्या वर्षी बघता येईल.